खालचा ओठ आणि वरचा ओठ

तोंडातील गाठ शरीराच्या इतर गाठींहून एका बाबतीत वेगळी असते, ती म्हणजे तिचा शोध डोळ्यांआधी जिभेला लागतो. जिभेच्या टोकाची स्पर्शसंवेदना बोटांच्या टोकांपेक्षाही सूक्ष्म असल्यामुळे मोहरीएवढा उंचवटा तिला हरभऱ्याएवढा भासतो, आणि एकदा सापडलेल्या जागी ती दिवसभर पुन्हा पुन्हा जाऊन येते. त्यामुळे ज्या माणसाने पाठीवरचे आवाळू वीस वर्षे निवांतपणे बाळगलेले असते, तोच माणूस गालाच्या आत आलेल्या एवढ्याशा पुळीने रात्र रात्र जागा राहतो. उलट, जिथे जीभ सहसा पोहोचत नाही, किंवा जिथली वाढ इतकी सावकाश असते की जीभ तिला सरावून जाते, तिथली गाठ वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात तालुक्याच्या एका गावी तीन दशके दातांचा दवाखाना चालवलेल्या दंतवैद्याच्या कामाचा मोठा हिस्सा या दोन टोकांमध्ये, अनाठायी भीती आणि अनाठायी निश्चिंती यांमध्ये गेला. आणि त्याचा सर्वांत कष्टाने मिळालेला धडा असा की ही दोन्ही टोके रुग्णांमध्ये जितकी आढळतात तितकीच ती वैद्यातही असू शकतात.

बोलीभाषेत गाठ, पुळी, फोड, टेंगूळ, गळू हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, परंतु रुग्ण नेमका कोणता शब्द उच्चारतो याकडे लक्ष दिल्यास निदानाची निम्मी वाट तिथेच सापडते, हे त्या दंतवैद्याला काही वर्षांनी उमगले. फोड म्हणणाऱ्याने ती जागा फुटून पाणी आलेले बहुधा अनुभवलेले असते, गाठ म्हणणाऱ्याने ती बोटाने चाचपलेली असते, आणि गळू म्हणणाऱ्याला ठणका सोसवत नसतो. शास्त्रीय परिभाषेत यांतील भेद असा की, पू साठलेली पोकळी म्हणजे गळू. पेशींची आपोआप होत राहणारी वाढ म्हणजे अर्बुद, ते सौम्य असेल किंवा घातक. आणि आतून पेशींचे अस्तर असलेली, द्रवाने किंवा मऊ पदार्थाने भरलेली पिशवी म्हणजे सिस्ट, जिला मराठी पुस्तकांत पुटी असेही म्हटले जाते. या तिन्हींखेरीज नुसत्या घर्षणाने जाड झालेली त्वचा, हाडाचे उपजत उंचवटे आणि मुळात निरोगी असलेले अवयव हेही गाठ म्हणूनच दवाखान्यात येतात.

निरोगी अवयवांची गाठ म्हणून होणारी ही ओळख हा विषय वाटतो त्याहून मोठा आहे. वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूस, एक लहानसा मांसल उंचवटा प्रत्येकालाच असतो. कानापुढील मोठ्या लाळग्रंथीची नळी तिथे तोंडात उघडते, आणि सतराव्या शतकात नील्स स्टेन्सन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केल्यामुळे ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. जिभेच्या अगदी मागे बाणाच्या टोकासारख्या मांडणीत आठ ते बारा गोल उंचवटे असतात, ते चवीचे अंकुर होत. ओठांच्या व गालांच्या आत रव्याच्या कणांसारखे पिवळसर ठिपके पुष्कळांना असतात, त्या तैलग्रंथी असतात. टाळूच्या मध्यरेषेवर किंवा खालच्या जबड्याच्या जिभेकडील बाजूस हाडाचे टणक उंचवटे काहींना तरुणपणापासून असतात, आणि कवळी बसवताना अडचण आली नाही तर त्यांना हात लावण्याचे कारणच नसते. घशात काही अडकल्यासारखे वाटून एका शिक्षकाने मोबाइलच्या उजेडात जिभेचा मागचा भाग पाहिला, तिथले अंकुर दिसताच त्यांचे अन्नपाणी तुटले, आणि दवाखान्यात आल्यावर दंतवैद्याने एका नजरेत ओळखून "काही नाही गुरुजी, निर्धास्त राहा" एवढेच सांगून त्यांना परत पाठवले. दीड वर्षाने दाढ दुखते म्हणून ते पुन्हा आले, तेव्हा मधल्या काळात शहरातील तीन डॉक्टरांकडे त्याच उंचवट्यांसाठी जाऊन आल्याचे त्यांनी संकोचाने सांगितले. एका वाक्याने त्यांच्या डोळ्यांना दिसलेली वस्तू नाहीशी झालेली नव्हती. त्यानंतर दंतवैद्याने रुग्णाच्या हातात आरसा देऊन, उजवीकडे जे आहे तेच डावीकडेही आहे हे त्याला स्वतःला दाखवण्याची पद्धत ठेवली. दोन्ही बाजूंचे सारखेपण ही निरोगीपणाची एकमेव खूण नसली तरी भ्यालेल्या माणसाला पटणारी ती सर्वांत साधी खूण आहे, आणि त्यासाठी लागणारी पाच मिनिटे कधीही वाया जात नाहीत.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत ही पाच मिनिटे आईपेक्षा आजीला द्यावी लागतात. नवजात बाळाच्या टाळूच्या मध्यरेषेवर मोत्यासारखे पांढरे बारीक दाणे दिसतात. प्रागमधील बालरोगतज्ज्ञ आलोइस एप्स्टाइन यांच्या नावाने ते ओळखले जातात आणि हिरड्यांवरही तशाच स्वरूपाचे दाणे येतात. टाळूचे दोन अर्धे भाग गर्भावस्थेत जुळताना किंवा दातांचे अंकुर तयार होताना मागे राहिलेल्या पेशी केराटिन नावाचे, नखात व केसात असते तेच, प्रथिन साठवतात आणि त्यातून हे दाणे बनतात. काही आठवड्यांत ते आपोआप झडून जातात. दात घेऊन जन्मलेल्या मुलाविषयी घरोघरी ज्या समजुती आहेत त्यांची सावली या दाण्यांवरही पडते, आणि कापडाने घासून किंवा सुईने टोकून ते काढण्याचा प्रयत्न होतो, ज्यातून बाळाच्या तोंडात खरोखरीची जखम व संसर्ग होतो. दात येताना हिरडीवर निळसर फुगा दिसतो तोही याच वर्गातला. येणाऱ्या दाताभोवती द्रव साठून तो होतो आणि बहुतेक वेळा दात वर आला की फुटून मिटतो.

खालच्या ओठाच्या आत येणारी पाणगाठ, जिला वैद्यकात म्यूकोसील म्हणतात, ती मात्र या व्यवसायात रोजच्या परिचयाची. ओठ, गाल, टाळू आणि जीभ यांच्या पातळ आवरणाखाली मोहरीएवढ्या शेकडो लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. दात लागून किंवा ओठ चावण्याच्या सवयीने त्यांपैकी एकीची नळी तुटली की ग्रंथी लाळ बनवतच राहते, ती लाळ तोंडात येण्याऐवजी आजूबाजूच्या पेशीजालात झिरपते, आणि शरीर तिच्याभोवती कुंपण घालते. त्या कुंपणाला बहुधा खरे अस्तर नसल्यामुळे काटेकोर अर्थाने ही सिस्ट नव्हेच. निळसर, पारदर्शक, पाण्याच्या बुडबुड्यासारखी ही गाठ न दुखता येते, जेवताना फुटते, चिकट खारट पाणी येऊन नाहीशी होते आणि आठपंधरा दिवसांत पुन्हा भरते. मुले व तरुण यांच्यात ती जास्त. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ओठांच्या रोगांमध्ये जलार्बुद म्हणून ज्याचा उल्लेख येतो त्याचे वर्णन या गाठीशी जुळते, यावरून ती किती जुनी ओळखीची आहे हे कळते.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत त्या दंतवैद्याने अशा कित्येक पाणगाठी नुसत्या टोचून रिकाम्या केल्या, कारण रुग्णाला तत्काळ समाधान होई आणि वैद्यालाही कामगिरी झाल्यासारखे वाटे. दहावीच्या परीक्षेच्या ताणात सतत ओठ चावणारी एक मुलगी एकाच गाठीसाठी चार वेळा आली, आणि चौथ्या वेळी तिच्या वडिलांनी, कसलाही राग न दाखवता, ही अशीच येत राहणार का, असे विचारले. दोष गाठीत नसून तिला पाणी पुरवणाऱ्या ग्रंथीत आहे, हे पुस्तकातले वाक्य त्या प्रश्नानंतर हातात उतरले. ओठाला भूल देऊन, आडवा छेद घेऊन, गाठ तिच्या तळाशी असलेल्या ग्रंथीसह काढायची, आणि छेदाच्या कडेला द्राक्षाच्या लहान घडासारख्या दिसणाऱ्या शेजारच्या ग्रंथींना टाके घालताना इजा झाली असेल तर त्याही काढायच्या, कारण अन्यथा शस्त्रक्रियाच नवी पाणगाठ निर्माण करते. ओठाला संवेदना देणाऱ्या बारीक चेतातंतूंच्या शाखा तिथूनच जात असल्याने काही काळ ओठाचा एखादा भाग बधिर राहू शकतो, ही गोष्ट आधी सांगितली तर ती माहिती ठरते आणि नंतर सांगितली तर सबब, हेही त्या दंतवैद्याने एका नाराज रुग्णाकडून शिकून घेतले. लहान मुलांच्या बाबतीत भूल उतरेपर्यंत दोनतीन तास पालकांनी मुलाच्या ओठावर डोळा ठेवणे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे असते. बधिर ओठाची मुलांना गंमत वाटते, ती तो चावत बसतात, आणि संध्याकाळी सुजलेला, सोललेला ओठ घेऊन आईवडील परत येतात. पहिले चोवीस तास जोराने चूळ भरू नये, बर्फाने बाहेरून शेकावे, मऊ भात व ताक असे थंड आणि तिखट नसलेले खावे, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात, यापलीकडे या जखमेला फारसे काही लागत नाही.

जिभेखाली हाच प्रकार मोठ्या लाळग्रंथीपासून होतो तेव्हा बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखा दिसणारा निळसर फुगा एका बाजूला येतो, आणि बेडकाच्या लॅटिन नावावरूनच त्याला रॅन्युला म्हणतात. तो कधी जबड्याखालच्या स्नायूतून वाट काढून मानेतही उतरतो, आणि तोंडातील फुगा वारंवार उलटतो तेव्हा जिभेखालची ग्रंथीच काढावी लागते. लाळेच्या नळीत खडा अडकल्याची गोष्ट निराळी: जेवायला बसले, किंवा चिंच, कैरी नुसती समोर आली, की जबड्याखाली सूज चढते आणि तासाभरात उतरते. एवढे ऐकूनच निदान करता येते, म्हणून सूज कधी येते हा प्रश्न सूज कुठे आहे याच्या बरोबरीने विचारायला हवा. असे खडे जबड्याखालच्या ग्रंथीत सर्वाधिक होतात, कारण तिची लाळ दाट असते आणि नळी लांब व वर चढणारी असते.

खालच्या ओठाच्या या परिचयानेच त्या दंतवैद्याकडून वरच्या ओठाची चूक झाली. पन्नाशीतील एक शेतकरी बाई वरच्या ओठाच्या आत असलेली वाटाण्याएवढी गाठ घेऊन आली. ती गाठ टणक होती, बोटाखाली सरकत होती, कधी फुटली नव्हती की कमीजास्त झाली नव्हती, आणि वर्षभरात किंचित वाढली होती. यांतील प्रत्येक लक्षण पाणगाठीच्या विरुद्ध साक्ष देत होते. तरीही ओठातील गाठ म्हणजे पाणगाठ या सरावलेल्या समीकरणाने दंतवैद्याने ती काढली, काढताना ती फुटली, आतून पाणी आले नाही याचेही त्याला वावगे वाटले नाही, आणि काढलेला तुकडा कापसासह बादलीत गेला. दोन वर्षांनी त्याच जागी एकाऐवजी तीन दाणे घेऊन ती बाई परत आली. या वेळी तुकडा तपासणीला गेला आणि लाळग्रंथीचे सौम्य अर्बुद असल्याचा अहवाल आला, ज्याच्याविषयी प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते की ते भोवतालच्या निरोगी पेशीजालाच्या कडेसह अखंड काढावे, कारण फुटल्यास त्याचे कण जखमेत रुजतात. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा बरीच मोठी झाली आणि ओठावर व्रण राहिला. अर्बुद सौम्य होते ही त्या बाईच्या दैवाची गोष्ट. वैद्याच्या पारखेचा त्यात काही वाटा नव्हता. वरच्या ओठात पाणगाठ क्वचित होते आणि तिथल्या टणक गाठीत प्रथम अर्बुदाचा विचार करावा लागतो, हे त्याला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट सरावाखाली दबून जाऊ शकते, हे मात्र ठाऊक नव्हते. त्या बाईला त्याने आपली चूक स्पष्ट शब्दांत सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, की पहिल्यांदा काढलेला तुकडा ठेवला असता तर तेव्हाच कळले असते का. होय, एवढेच उत्तर होते.

त्या दिवसापासून दवाखान्यात नियम झाला की तोंडातून काढलेला कोणताही तुकडा, तो कितीही निरुपद्रवी दिसो, पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा करणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेल्याशिवाय राहणार नाही. तुकडा चिमट्याने चिरडू नये, कारण चिरडलेल्या पेशींतून काहीच वाचता येत नाही. तो स्पिरिटात किंवा साध्या पाण्यात न टाकता १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात ठेवावा. बाटलीवर नाव, जागा व तारीख असावी. आणि सोबतच्या कागदावर नुसते "गाठ" असे न लिहिता ती किती दिवसांची, कशी वाढलेली, हे लिहावे, कारण तपासणाऱ्याने तो रुग्ण पाहिलेला नसतो. सगळे साधे असले तरी गर्दीच्या बाजारच्या दिवशी हेच प्रथम गळते. रुग्णांचा विरोधही असतोच, तपासणीचा खर्च हा त्याचा एक भाग, आणि "तपासायला पाठवता म्हणजे डॉक्टर, टाटाला जायची वेळ आली का?" हा दुसरा. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि तिथून बरे होऊन आलेली माणसे गावोगावी हिंडती-फिरती असूनही खेड्यापाड्यांत त्या नावाचा अर्थ अजून असाध्य रोग असाच लावला जातो. नियम सर्वांना सारखाच आहे, शेजारच्या मुलाच्या पाणगाठीचा तुकडाही जातो, असे सांगितल्यावर विरोध बराच मावळतो. या नियमाने एकदा आपली किंमत पुरती वसूल केली: एका तरुणाच्या शेवटच्या दाढेमागे, निळसर, मऊ, हुबेहूब पाणगाठीसारखी दिसणारी सूज होती आणि अहवालात ती लाळग्रंथीचा कर्करोग असल्याचे आले. दाढेमागे व टाळूवर येणाऱ्या अशा सुजांत हा धोका खरा असतो. लहान लाळग्रंथींच्या अर्बुदांपैकी सुमारे निम्मी घातक निघतात. लहान असतानाच सापडल्यामुळे त्या तरुणाची शस्त्रक्रिया वेळेत झाली.

गाठीला सुई लावली की ती पसरते, ही समजूत शिकलेल्या घरांतही पक्की आहे, आणि तिच्यामुळे जितके महिने वाया जातात तितके दुसऱ्या कोणत्याही समजुतीने जात नसावेत. तोंडातील संशयित जागेचा तुकडा तपासणीसाठी घेतल्याने कर्करोग फैलावत नाही. निदान आणि उपचार यांच्यामध्ये माणूस देवऋषी, झाडपाला आणि वाट पाहणे यांत जो काळ घालवतो, त्या काळात रोग आपल्या गतीने वाढतो आणि दोष सुईच्या माथी येतो. सुई खरोखर जपून लावावी लागते ती रक्तवाहिन्यांच्या गाठीला. काचपट्टीने दाबल्यावर जी निळी-लाल गाठ फिकी पडते आणि सोडल्यावर पुन्हा भरते, तिच्यात रक्त असते, आणि दवाखान्यात तिला छेद दिल्यास रक्तस्राव आवरणे कठीण जाते. म्हणूनच जबड्यातील किंवा ओठातील कोणत्याही भरीव न वाटणाऱ्या गाठीला चिरण्यापूर्वी सुईने आतील पदार्थ ओढून पाहण्याची रीत आहे: पिवळसर पाणी आले तर सिस्ट, पू आला तर गळू, घट्ट पांढरा लगदा आला तर केराटिनची पिशवी, आणि लाल रक्त आले तर हात आवरता घ्यायचा.

ज्या भागात हा दवाखाना आहे तिथे मिश्रीचा उल्लेख टाळून तोंडातील गाठींविषयी लिहिणे प्रामाणिक ठरणार नाही. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात घासण्यासाठी म्हणून लहानपणी हातात येते आणि दिवसातून चार वेळा लावायचे व्यसन बनते. स्त्रिया तिला तंबाखू मानतच नाहीत, म्हणून तंबाखू खाता का या प्रश्नाला त्या खरेपणाने नाही म्हणतात. दंतवैद्याने पुष्कळ वर्षे तो प्रश्न चुकीच्या शब्दांत विचारला. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू आणि सुपारी यांची सवय राहिलीच. सुपारीने गालांचे आवरण ताठ होत जाते, तिखट सोसेनासे होते, आणि ज्या तोंडात एरवी स्वतःची तीन बोटे उभी मावतात तिथे दोनही जाईनाशी होतात. ही कर्करोगाची पूर्वावस्था होय. घातक गाठ पाणगाठीसारखी गोल आणि गुळगुळीत क्वचितच असते. जिथे तंबाखूचा बार धरला जातो त्या गाल-हिरडीच्या खोबणीत किंवा जिभेच्या कडेला पांढरा वा लाल चट्टा, कडा उचललेली जखम, बुडाशी लागणारा टणकपणा, विनाकारण हलू लागलेला दात, मानेत लागणारी न दुखणारी गाठ अशा रूपांत ती येते, आणि सुरुवातीला बहुधा दुखत नाही. टोचणारा दात घासून किंवा सैल कवळी काढून कारण दूर केल्यावरही जी जखम किंवा गाठ दोन आठवड्यांत मिटत नाही तिची तपासणी झालीच पाहिजे. या नियमाला अपवाद करावेसे वाटण्याची कारणे, म्हणजे सुगीचे दिवस, घरातले लग्न, पंढरीची वारी, सगळी खरी असतात, आणि तरीही अपवाद करू नये.

घर्षणाने होणाऱ्या गाठी तुलनेने सोप्या. गालाच्या आत दात मिटतात त्या रेषेवर येणारी, वर्षानुवर्षे तेवढीच राहणारी गुळगुळीत गुलाबी गाठ ही वारंवार चावले गेल्याने झालेली तंतुमय वाढ असते. सैल कवळीच्या कडेला हिरडीच्या घड्या वाढतात त्यांना कवळी रात्री काढून ठेवणे आणि नवी बसवणे हाच मुख्य उपाय. गरोदरपणात हिरडीवर येणारा लाल, पटकन रक्त येणारा गोळा दात नीट स्वच्छ ठेवल्यास बाळंतपणानंतर पुष्कळदा आक्रसतो, आणि म्हणून तो काढण्याची घाई करू नये.

हिरडीवर वारंवार येणारी पुळी मात्र दिसते तेवढी साधी नसते. ती दाबली की थोडा पू येतो, ठणका थांबतो, आणि ठणका थांबला म्हणजे रोग गेला असे समजून माणूस कामाला लागतो. वस्तुतः जवळच्या दाताचा आतील गर मेलेला असतो, मुळाच्या टोकाशी पू होत असतो आणि ती पुळी म्हणजे त्याची बाहेर पडण्याची वाट असते. कित्येकांनी त्या पुळीवर बिब्बा, चुना किंवा डोकेदुखीची गोळी धरून हिरडी भाजून घेतलेली या दंतवैद्याने पाहिली, आणि बाहेरून गालाला गरम शेक दिल्याने पू तोंडाऐवजी गालाच्या कातडीकडे वळून कायमचा व्रण राहिलेलेही पाहिले. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरला, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, आवाज बदलला, तर ती घटकांची बाब असते. श्वास कोंडण्याचा धोका असल्यामुळे अशा रुग्णाला दातांच्या दवाखान्यात बसवून न ठेवता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.

त्या मेलेल्या दाताच्या टोकाशीच जबड्यातील सर्वाधिक आढळणारी सिस्ट जन्म घेते. दाताचे मूळ बनताना मागे उरलेले पेशींचे पुंजके मुळाभोवती निद्रिस्त असतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ लुई मालासे यांनी त्यांचे वर्णन केले. दीर्घकाळच्या दाहाने ते जागे होतात, त्यांची पिशवी बनते, तिच्यात पाणी ओढले जाते आणि ती आपल्या दाबाने हाड झिजवत वाढते, इतकी की कधी उरलेले पातळ हाड बोटाखाली अंड्याच्या टरफलासारखे करकरते. हे सर्व बहुधा एका वेदनारहित काळसर दातामागे घडत असते, म्हणून लहानपणी मार लागून काळ्या पडलेल्या दाताचा एक्स-रे काढून ठेवावा. लहान असताना रूट कॅनलने, म्हणजे मुळातील नळी स्वच्छ करून भरल्याने, ती बरी होऊ शकते. मोठी झाल्यास काढावी लागते. न उगवलेल्या अक्कलदाढेच्या किंवा सुळ्याच्या डोक्याभोवती होणारी सिस्ट ही दुसरी. फार मोठ्या सिस्टचे तोंड उघडून ती तोंडाशी जोडायची, पट्टी भरून तिला हळूहळू आक्रसू द्यायची आणि जबडा व दात वाचवायचे, ही पद्धत जर्मन शल्यचिकित्सक कार्ल पार्च यांनी १८९२ साली मांडली, आणि लहान मुलांच्या जबड्यात आजही ती उपयोगी पडते, मात्र महिनोन्महिने पट्टी बदलण्याची चिकाटी घरच्यांपाशी असावी लागते.

तिसऱ्या प्रकारच्या सिस्टने, जिच्या आत केराटिनचा लगदा असतो, तज्ज्ञांनाही नाव ठरवताना दमवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या वर्गीकरणात तिला अर्बुद म्हटले गेले आणि २०१७ मध्ये ती पुन्हा सिस्टमध्ये आली. ती जबडा फुगवण्याऐवजी हाडाच्या आतून लांबीने पसरते, म्हणून उशिरा कळते, आणि तिचे अस्तर इतके तलम असते की काढताना फाटून कुठेतरी उरते व पुन्हा वाढते. साखर कारखान्यात काम करणाऱ्या एका विशीतल्या मुलाच्या खालच्या जबड्यात अक्कलदाढेपासून वर कानाकडे गेलेली अशी सिस्ट दुसऱ्याच दाताच्या एक्स-रेत योगायोगाने दिसली. शहरातील शल्यचिकित्सकाने ती काढली आणि दरवर्षी एक्स-रे काढायचे काम गावच्या दंतवैद्याकडे आले. काही दुखत नसताना दरवर्षी यायला कुणी राजी नसते. हा मुलगा दोन वर्षे आला, तिसऱ्या वर्षी आला नाही, आणि मग दिवाळीनंतर दवाखान्यातून फोन जाऊ लागला, कारण वरच्या ओठाची ती बाई दंतवैद्याच्या मनातून गेलेली नव्हती. मुलाचे लग्न झाले, कारखाना बदलला, तरी फोन गेला की तो येई. सातव्या वर्षीच्या एक्स-रेत जुन्या जागेच्या मागच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी काळी सावली होती. या वेळची शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची झाली, दात सगळे राहिले, आणि तुकड्याची बाटली नेहमीप्रमाणे तपासणीला गेली; टाके काढायला आलेल्या त्या माणसाने स्वतःहून पुढच्या दिवाळीनंतरची तारीख मागून घेतली आणि ती आपल्या जुन्या फाइलच्या कव्हरवर, आधीच्या सहा तारखांखाली लिहिली.